भिंतीवरचा बोधिधर्म

मालवणात आमचा कराटे क्लास एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते सात. सर आले की आधी बॅगेतून एक लॅमिनेट केलेलं चित्र काढायचे आणि फळ्याच्या वरच्या खिळ्याला अडकवायचे. बटाट्याएवढे डोळे, दाट काळी दाढी, कानात रिंग, अंगावर लाल वस्त्र आणि चेहरा असा, की आत्ता कोणाची तरी कॉलर धरून विचारेल, फी भरलीस काय? हा बोधिधर्म. आम्ही वीस-बावीस पोरं पांढरे ड्रेस घालून त्याच्यासमोर वाकायचो आणि मग इच, नी, सान सुरू.

शनिवारी शेवटची दहा मिनिटं सर गोष्ट सांगायचे. गोष्ट एकच होती, फक्त दर वेळी थोडी वाढायची. बोधिधर्म हा दक्षिण भारतातला राजपुत्र. राज्य सोडून भिक्षू झाला, जहाजाने चीनला गेला. शाओलिनच्या विहारातले भिक्षू ध्यानाला बसले की डुलक्या काढायचे, अंगात जीव नव्हता. त्याने त्यांना व्यायाम शिकवला, त्यातून कुंग फू निघालं, कुंग फू ओकिनावाला गेलं, त्याचं कराटे झालं. स्वतः तो नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला. झोप येते म्हणून त्याने पापण्या कापून फेकल्या, त्या पडल्या तिथे चहाचं झाड उगवलं. "म्हणजे चहा पण आपलोच," असं सर म्हणायचे आणि आम्ही हसायचो.

मला ही गोष्ट इतरांपेक्षा थोडी जास्त आवडायची. क्लासमध्ये बौद्धवाडीतला मी एकटाच. आमचं गाव मालवणपासून आचऱ्याच्या रस्त्याला, एस.टी.ने अर्धा तास. घरात दोन तसबिरी, बुद्धाची आणि बाबासाहेबांची. शाळेत कोणाच्या घरी कुठले देव हे विषय निघाले की मी गप्प बसायला लवकर शिकलो होतो. आणि इथे वीस-बावीस पोरं, त्यांत सगळ्या आडनावांची, माझ्या धर्माच्या एका माणसासमोर आठवड्यातून तीनदा वाकत होती. मी हे कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण वाकताना मला रोज बरं वाटायचं.

एकदा बोलून दाखवलं. तेवढं एकदाच.

२०१० साल, मी अकरावीला, ग्रीन बेल्ट. क्लास सुटल्यावर आम्ही पाच-सहा जण एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. विषय कसा निघाला आठवत नाही. मी म्हटलं, "बोधिधर्म आमच्या धर्माचे." माझ्याहून सिनियर एक ब्राउन बेल्ट होता. तो हसला. म्हणाला, "तुमचो धर्म छप्पन सालचो. बोधिधर्म बामण होतो. तुमचो कसो झालो?" आणि मग वाक्याच्या शेवटी त्याने तो शब्द जोडला. इथे लिहीत नाही, वाचणाऱ्यांपैकी ज्यांना तो ऐकावा लागलाय त्यांना कळलं असेल.

माझा पंच सरांनी शिकवल्यापेक्षा चांगला बसला. त्याचा पुढचा एक दात अर्धा तुटला. तो खाली बसला, ओठातून रक्त, आणि मी वर उभा, हाताची मूठ अजून तशीच. पुढे काय करतात ते मला माहीत नव्हतं. काताच्या शेवटी वाकतात, इथे काय करायचं?

नंतरचं पटापट सांगतो. क्लासमधून माझं नाव कमी झालं. सर वाईट नव्हते, दोन बेल्ट टेस्टची फी त्यांनी माझ्याकडून घेतली नव्हती. ते एवढंच म्हणाले की मी कोणाची बाजू घेत नाही. बाबा शाळेत शिपाई होते. ते त्या मुलाच्या घरी गेले, दाताचे पैसे दिले, हात जोडले आणि परत आले. कायदा होता, बाबांना तो माहीतही होता. पण राहायचं इथेच होतं, गाडी त्याच स्टँडवरून पकडायची होती. प्रकरण मिटलं. मिटवायला बसलेल्यांपैकी एकानेही मला विचारलं नाही की तो काय म्हणाला होता.

विचारलं फक्त आजोने. तेही वेगळंच काहीतरी.

*

आजो तेव्हा अठ्ठ्याहत्तरचा. तो चौदाव्या वर्षी मुंबईला गेला, नायगावच्या बीडीडी चाळीत राहिला, गिरणीत लागला. ८२ च्या संपात गिरणी गेली तसा गावी आला आणि उरलेलं आयुष्य खळ्यात बसून लोकांच्या चुका काढण्यात घालवलं. तो काही संतबिंत नव्हता. माझ्या बापाला लहानपणी त्याने पट्ट्याने फोडलं होतं, आजीशी त्याने उभ्या आयुष्यात चार गोड शब्द बोलल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. हे आधी सांगतो, कारण मेलेल्या आजोबांवर लिहिताना माणूस त्यांना हळूहळू बुद्ध करून टाकतो.

त्या रात्री त्याने मला खळ्यात बोलावलं.

"खयच्या हातान मारलंस?"

"उजव्या."

"पयलो मार कोणाचो?"

"माझो."

"तेना तुका धरल्यान?"

"नाय. तो बोललो."

आजो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मगे तुका सुटूचा होता काय मारूचा होता?"

मी खरं ते सांगितलं. मारूचा होता.

"मगे ती मारामारी. ती कोणाक शिकवूची लागत नाय."

मला राग आला. आजोने तरी म्हणावं की बरं केलंस, अशी माझी अपेक्षा होती. तो उठला, पडवीच्या वाश्याला अडकवलेली काठी काढली आणि माझ्या हातात दिली. ही काठी मी जन्मापासून बघत होतो. आमच्याकडच्या माणग्याची, आतून भरीव, माझ्या कानापर्यंत उंच, वर्षानुवर्षं खोबरेल पिऊन काळी पडलेली. लहानपणी आम्हाला तिला हात लावायची बंदी होती. मला माहीत होतं की ती समता सैनिक दलातली आहे. पण समता सैनिक दल म्हणजे काय, ते १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे चालणाऱ्या माणसांपलीकडे मला माहीत नव्हतं.

दल १९२७ चं, महाडच्या सत्याग्रहाच्या काळातलं. बाबासाहेबांच्या सभा-परिषदांना लोक जमू लागले आणि त्यांच्यावर हल्ले होऊ लागले, तेव्हा संरक्षण आणि शिस्त दोन्हींसाठी ही पोरं उभी राहिली. आपल्या लोकांना कवायत परकी नव्हती. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते, खुद्द बाबासाहेबांचे वडील सुभेदार. पुढे १८९० च्या दशकात इंग्रजांनी ही भरतीच बंद केली आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. मधल्या पन्नास वर्षांत पलटणीतून घरी आलेल्या म्हाताऱ्यांकडे कवायत तेवढी शिल्लक राहिली. आजोला काठी शिकवणारा असाच एक पेन्शनर होता. गिरणीची पाळी संपवून पोरं चाळीच्या मैदानात जमायची आणि तो त्यांना तासभर नुसतं उभं करायचा.

नुसतं उभं करायचा, हे मला नंतर कळलं, कारण आजोने माझ्याशी तेच केलं. पुढचे तीनेक महिने, रोज काळोख पडायच्या आधी.

मला काठी फिरवायची होती. यूट्यूबवर बघितलेली, डोक्यावरून, पाठीमागून, भिरभिर. आजो म्हणाला, "फिरवूची ती बघणाऱ्यांसाठी." त्याने मला काठी आडवी धरायला लावली, छातीच्या उंचीवर, दोन्ही हातांत खांद्याएवढं अंतर. मग माझ्या दोन चुलत भावांना समोरून ढकलायला सांगितलं. मी मागे गेलो. परत. मागे गेलो. परत. पाय कुठे ठेवायचा, कंबर किती खाली, श्वास कधी सोडायचा, हे तो शब्दांत फारसं सांगत नसे. चुकलं की पायावर चिंचेच्या फोकाने हलकं मारायचा. दुसऱ्या महिन्यात भाऊ ढकलायचे आणि मी हलायचो नाही. तिसऱ्या महिन्यात तेच, पण दोघांऐवजी चौघे.

"मारूचा कधी शिकवतलंस?" मी एकदा विचारलं.

तेव्हा त्याने ७ डिसेंबर १९५६ ची गोष्ट सांगितली. आदल्या दिवशी दिल्लीत बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी राजगृहापासून दादरच्या समुद्रापर्यंत माणसांचा पूर. आजो चोवीस वर्षांचा, साखळीत उभा. समोरून लाटेसारखी माणसं येत होती. रडणारी, शुद्ध हरपलेली, नुसतं एकदा बघू दे म्हणणारी. त्यांना थोपवायचं होतं, नाहीतर पुढची चिरडली असती. आजोच्या समोर एक लेकुरवाळी बाई पडली. डावी-उजवीकडच्यांनी काठ्या जोडल्या, तिच्याभोवती रिंगण केलं, आणि ती उठेपर्यंत पाठीवर गर्दी घेऊन उभे राहिले. "आमचीच माणसा," आजो म्हणाला, "मारतलंस कोणाक?" त्या दिवशी तिथे भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखभर लोकांना धम्मदीक्षा दिली. आजो त्यांतला एक. काठी काखेत धरून त्याने हात जोडले होते.

त्याच्या सगळ्या शिक्षणाची परीक्षा ती एकच होती आणि तीत त्याने कोणाला एकही काठी मारली नाही. तेव्हा ही गोष्ट मला अळणी वाटली. सतरा वर्षांच्या पोराला दात पाडल्याची गोष्ट हवी असते.

आजो २०१३ मध्ये गेला.

*

मधल्या वर्षांत मी पुण्यात नोकरी केली, कराटे सुटलं, पोट सुटलं. सूर्याचा तो तमिळ सिनेमा आला, 'एळाम अरिवु', ज्याचं हिंदी डबिंग 'चेन्नई व्हर्सेस चायना' नावाने टीव्हीवर चालायचं. सुरुवातीची वीस मिनिटं बोधिधर्म, सरांचीच गोष्ट, फक्त बजेट मोठं. रूमवरचे मित्र शिट्ट्या मारत होते आणि मला तो अर्धा दात आठवत होता. तो म्हणाला होता की बोधिधर्म बामण होतो. खरंच होता का? मी भांडलो होतो, पण तपासलं कधीच नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली आणि मी गावी आलो. रेंज फक्त खळ्याच्या एका कोपऱ्यात यायची, आजो बसायचा त्याच कोपऱ्यात. तिथे बसून मी बोधिधर्माचा पिच्छा पुरवला.

पहिला धक्का असा की बोधिधर्माची सगळ्यांत जुनी नोंद त्याला भारतीयच म्हणत नाही. ५४७ साली यांग श्वेंझी नावाच्या माणसाने लोयांग शहरातल्या विहारांचं वर्णन लिहिलं. त्यात हा येतो: इराणकडून आलेला एक म्हातारा भिक्षू. तो तिथला उंच स्तूप बघतो, म्हणतो मी दीडशे वर्षांचा आहे, जग फिरलो, पण असं काही पाहिलं नाही, आणि हात जोडून कित्येक दिवस जप करत राहतो. बस. त्यानंतर त्याचा शिष्य म्हणवला जाणारा थानलिन लिहितो की तो दक्षिण भारतातल्या राजाचा तिसरा मुलगा. मग ६४५ च्या सुमारास दाओश्वान चरित्रकोश लिहितो, त्यात तो दक्षिण भारतातला ब्राह्मण. म्हणजे शंभर वर्षांत माणूस इराणी, राजपुत्र आणि ब्राह्मण असा तिन्ही होऊन गेला. माझ्या ब्राउन बेल्टवाल्याकडे दाओश्वानचा पुरावा होता, त्याला स्वतःला माहीत नसला तरी.

या तिघांपैकी एकही जण तो लढत होता असं म्हणत नाही. कोणी त्याने व्यायाम शिकवला असंही म्हणत नाही. तो बसायचा. भिंतीसारखं स्थिर बसणं, ही त्याची साधना. त्याच्या हुइके नावाच्या शिष्याने स्वतःचा हात कापून गुरूला दिला अशी प्रसिद्ध गोष्ट आहे, पण दाओश्वान म्हणतो की हात चोरांनी तोडला होता. शाओलिन विहारही त्याने काढलेला नाही. तो ४९५ साली उभा राहिला तो बातुओ या दुसऱ्याच भारतीय भिक्षूसाठी. व्यायामाचं श्रेय बोधिधर्माला देणारं पुस्तक, 'यीजिन जिंग', येतं १६२४ साली, म्हणजे हजार वर्षांहून जास्त उशिरा, तेही खोट्या प्रस्तावना लावून. १९३० साली तांग हाओ या चिनी अभ्यासकाने हे सगळं उघडं पाडलं. आमच्या क्लासपर्यंत बातमी पोचायला अजून वेळ लागेल.

मग शाओलिनचे भिक्षू लढायचे ते खोटं का? नाही, ते खरं आहे. ६२१ साली तेरा भिक्षूंनी एका बंडखोराविरुद्ध पुढे सम्राट होणाऱ्या ली शिमिनला मदत केली, विहारातल्या ७२८ च्या शिलालेखात ते कोरलेलं आहे. आणि पुढे मिंग राजवटीत त्यांचं नाव झालं ते एकाच हत्याराने. काठी. तलवार नाही, भाला नाही, मोकळा हात तर फार नंतर. काठी!

मी खळ्यातून उठून वाश्याकडे बघितलं, हे सांगायला नकोच.

पण मला खरा सापडला तो माणूस पुढे. बोधिधर्माला काठीशी जोडण्याआधी शाओलिनचे भिक्षू स्वतः काय सांगत होते? १५१७ साली विहारात एक शिलालेख कोरला गेला. गोष्ट अशी: चौदाव्या शतकात बंडखोर विहारावर चालून आले. भिक्षू घाबरले. स्वयंपाकघरात एक जण होता, लाकडं फोडणारा, चूल फुंकणारा, ज्याचं नावही कोणी विचारलं नव्हतं. तो चुलीतलं लाकूड सरकवायची काठी घेऊन बाहेर आला, डोंगराएवढा झाला आणि बंडखोर पळाले. नंतर सगळ्यांना कळलं की हा बोधिसत्त्व होता. त्या विहारात काठी शिकवली ती त्याने, असं ते मानायचे.

गोष्टच आहे, इतिहास नाही. पण मला ती पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटली. शेकडो भिक्षूंच्या विहारात काठीचा पहिला गुरू कोण, तर खरकटी काढणारा. पुढे कधीतरी त्याची जागा राजपुत्राने घेतली. पोस्टरवर राजपुत्र बरा दिसतो. आणि मी त्या राजपुत्रासाठी, तो आमचा आहे म्हणून, एका पोराचा दात पाडला होता.

थांबा, चुलीवाल्याची गोष्ट गोड करून सोडत नाही. १५५३ साली चीनच्या पूर्व किनाऱ्यावर, शांघायच्या परिसरात, भिक्षूंची एक तुकडी समुद्री चाच्यांशी लढली. त्यांत शाओलिनचे भिक्षू होते, हातात लोखंडी दांडे. ते जिंकले. (आमच्या किनाऱ्यावर बसून हे वाचताना गंमत वाटते, कारण ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत 'मालवणी' हा शब्दच चाच्यांसाठी वापरलाय. चाचा कोण, हे कागद कोणाचा यावर ठरतं.) त्या लढाईच्या वर्णनात एक ओळ आहे: एका भिक्षूने पळून जाणाऱ्या चाच्याच्या बायकोला दांड्याने ठार केलं. लिहिणाऱ्याने त्यावर काही टीका केलेली नाही. चीवर घातलेला माणूस, पाठ फिरवून पळणारी बाई, लोखंडी दांडा. मी फोन खाली ठेवला तो त्या दिवशी परत उचलला नाही.

*

पंचशील आमच्याकडे पोरांना बोलता यायच्या आधी पाठ असतं. त्यातलं पहिलंच प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं. मग बौद्धाने काठी शिकावी की नाही? हा प्रश्न मला आधी कधी पडला नव्हता आणि आता तो सुटेना. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये यावर लिहिलंय. वैशालीचा सेनापती सिंह बुद्धाला विचारतो की अन्यायापुढे मान तुकवायची का. बाबासाहेबांचं म्हणणं असं, की मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धाने फरक केला. पण गरज कोणती आणि इच्छा कोणती हे स्टँडवर, गाडी यायच्या आधी, दोन सेकंदांत कसं ओळखायचं?

उत्तर असेल असं नाही, पण एक शब्द मला विनयपिटकात मिळाला. भिक्षूंचे नियम. पाचित्तिय नावाच्या गटातला ७४ वा: रागावून दुसऱ्या भिक्षूला मारलं तर दोष. नियम का झाला त्याची गोष्ट दिलेली असते. सहा जणांची एक टोळी होती, विनयपिटकात जवळजवळ प्रत्येक भानगड ह्यांचीच, त्यांनी सतरा जणांच्या गटातल्या भिक्षूंना मारलं. प्रत्येक कॉलेजात असते तशी टोळी. नियमाच्या खाली अपवाद आहेत. त्यांतला एक: कोणी छळत असताना, सुटण्याच्या हेतूने प्रहार केला, तर दोष नाही. पालीत शब्द आहे 'मोक्खाधिप्पायो'. मोक्ख म्हणजे सुटका. मोठ्या अर्थाने निर्वाणासाठीही मोक्ख शब्द येतो, पण इथे साधी सुटका, मनगट सोडवण्याची.

सुटूचा होता काय मारूचा होता?

आजोला वंदना पाठ होती, त्यापलीकडे पाली येत नव्हतं. विनयपिटक त्याने बघितलंही नसेल. त्याला हे त्या पेन्शनर शिपायाने सांगितलं असेल, किंवा सात डिसेंबरला गर्दी पाठीवर घेतल्यावर आपोआप कळलं असेल. किंवा बापाला पट्ट्याने फोडल्याच्या पश्चात्तापातून. मला माहीत नाही आणि आता विचारता येत नाही.

एका जपानी माणसाबद्दलही वाचलं, ते इथेच सांगतो, कारण पुढच्या गोष्टीत त्याचा हात आहे. सो दोशिन, जन्म १९११. सतराव्या वर्षी मांचुरियात गेला, तिथे चिनी गुरूंकडे शिकला असं तो सांगायचा. शाओलिनमध्ये त्याने एक भित्तिचित्र पाहिलं, ते आजही आहे: सावळे भिक्षू आणि गोरे भिक्षू जोड्या लावून सराव करताहेत. १९४५ ला जपान हरला, मांचुरियात सोव्हिएत सैन्य शिरलं, आणि सो दोशिनने जवळून पाहिलं की कायदा बियदा काही नसतं, समोरचा माणूस कसा आहे एवढंच असतं. मायदेशी परतून तो तादोत्सु या लहानशा बंदरगावात राहिला. मालवणएवढंच गाव असेल असं मी मनात धरून चालतो. १९४७ साली तिथल्या उनाड, उपाशी पोरांना घेऊन त्याने शोरिंजी केंपो सुरू केलं. शोरिंजी म्हणजे शाओलिनचाच जपानी उच्चार. शिकवण्यात ध्यान होतं, बुद्धाची शिकवण होती, आणि सगळा सराव जोडीने. भित्तिचित्रात होता तसा. एकट्याने जिंकायचं असं काही नाही, समोरचा शिकला तरच तुम्ही शिकलात. बळ आणि करुणा वेगळी करायची नाहीत, हे त्याचं सूत्र. शिकवणीत झेन असलं बरंच काही मिसळलंय आणि त्याच्या चिनी गुरुपरंपरेवर लोक शंका घेतात. घेऊ देत. त्याने भिंतीवरच्या चित्रातून जोड्या उचलल्या, राजपुत्र नाही उचलला, हे मला पटलं.

*

आता रविवारी सकाळी आमच्या समाजमंदिरात मी पोरांना शिकवतो. अकरा जण येतात, त्यांत सात मुली. दोघं वरच्या वाडीतली आहेत. पहिल्या महिन्यात ती दारातच चपला न काढता उभी राहून बघायची, मग एकदा आत आली. पोरांना ब्रूस लीचं पोस्टर हवंय. मी लावलेलं नाही. बुद्ध आणि बाबासाहेब आधीपासून आहेत, शेजारी दोन खिळ्यांवर आजोची काठी. बोधिधर्माचं चित्र नाही, पण गोष्ट मी सांगतो, सरांनी सांगितली ती आणि चुलीवाल्याचीही. पोरांना पापण्यांची गोष्टच आवडते.

सर मध्ये बाजारात भेटले. केस पांढरे झालेत. मी क्लास घेतो हे त्यांना कळलं होतं. "बेल्ट कोण देतला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बेल्ट नाही देत. ते काही बोलले नाहीत, पण जाताना त्यांनी त्यांच्याकडचे दोन जुने पंचिंग पॅड देऊ केले. ते आणायला अजून गेलेलो नाही. जाईन.

ताईची मुलगी, बारा वर्षांची, सगळ्यांत बारीक. गेल्या रविवारी आडव्या काठीचा सराव चालू होता, ती धरून उभी, समोरून दोघी ढकलताहेत. दोनदा मागे गेली, तिसऱ्यांदा थांबली. सराव संपल्यावर सगळी पोरं पाण्याकडे पळाली, ती थांबली.

"मामा, एक विचारू?"

"विचार."

"एस.टी.त गर्दी असता. मागसून कोण मुद्दाम अंगाक लागलो तर? तेव्हा काठी नसता."

ती माझ्याकडे बघत नव्हती. काठीच्या टोकाकडे बघत होती. मी लगेच काही बोललो नाही. आधी विचारलं की कोण, कुठली गाडी. तिने गाडी सांगितली, कोण ते माहीत नाही म्हणाली. सकाळची शाळेची गाडी. उद्यापासून काही दिवस मी त्या गाडीने येईन असं मी ठरवलं, कंडक्टरशी बोलायचंही ठरवलं, तिला दोन्ही सांगितलं. पण तिने ते विचारलं नव्हतं.

मी तिच्या मागे उभा राहिलो. म्हटलं, पाय आधी. गाडीत असतेस तशी उभी राहा, एक हात वर दांड्याला. आता दुसरा हात पोटापाशी आण, मूठ वळ, आणि कोपर सरळ मागे. मान वळवायची नाही, आधी कोपर, मग ओरडायचं, मग वळायचं.

तिने हळूच केलं.

"असा नाय. सुटूचा आसा तुका."

दुसऱ्यांदा कोपर माझ्या बरगडीत असं बसलं की मी खाली वाकलो. पाण्याकडे गेलेली पोरं हसायला लागली.

"लागला?" ती घाबरून म्हणाली. "सॉरी मामा."

"सॉरी म्हणा नको," मी म्हटलं, श्वास परत आल्यावर. "ओरडलंस नाय तू. परत कर."